दोन कप्प्यांचे दफ्तर

संगणकाच्या तासाला एखादा चौकस विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतो. पडद्यावर ‘सी’ दिसतो, पुष्कळदा त्याच्या शेजारी ‘डी’ही दिसतो. मग ‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले? मुळाक्षरे ‘ग’पासून सुरू व्हावीत तसाच हा प्रकार. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : ‘सी’वर काय ठेवायचे आणि ‘डी’वर काय? याचे उत्तर मात्र बहुतेकांना तोंडपाठ असते. ‘सी’वर प्रोग्रॅम, ‘डी’वर आपल्या फायली. पुण्यात घरोघरी संगणक आले तेव्हापासून हा नियम दुकानदार गिऱ्हाइकाला, मोठा भाऊ धाकट्याला आणि विद्यार्थी शिक्षकाला सांगत आला आहे.

पण हा नियम आला कुठून? तो पाळला म्हणजे आपला मजकूर सुरक्षित राहतो का? की आणखी काही लागते? आम्हाला वाटते, या प्रश्नांची उत्तरे शोधताना संगणकाचा निम्मा इतिहास हाती लागतो. शिवाय आपल्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, निकाल, हस्तलिखिते आणि स्मरणिका यांचे पुढे काय होणार, हेही कळते. म्हणून हा माग जरा लांबून काढू या.

चालते दफ्तर आणि एक बेरीज दफ्तर

कामाचे कागद एकीकडे आणि जपायचे कागद दुसरीकडे, ही कल्पना संगणकाच्या फार आधीची. तिचे एक चांगले उदाहरण पुण्यातच आहे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. या दफ्तराचे दोन प्रमुख विभाग होते. पहिला ‘चालते दफ्तर’. सनदा, हुकूम, सरंजामाचे आणि पागांचे हिशेब असा रोजचा व्यवहार तिथे फडणिसाच्या नजरेखाली चाले. दुसरा ‘एक बेरीज दफ्तर’. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तिथे जमा होत, त्यांची वर्गवारी होई, आणि वर्षाचे गोषवारे व खर्चाच्या बाबींप्रमाणे खतावण्या तयार होत. कागद कापडात बांधून ठेवीत. अशा गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत.

नाना फडणिसांच्या काळात ही व्यवस्था चोख होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ती ढिली पडली. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. हजारो रुमालांचा तो संग्रह आज पुणे पुराभिलेखागारात आहे.

या व्यवस्थेतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवू. कागद दोन ठिकाणी वाटलेले असले, तरी कोणता कागद कुठे आहे हे सांगणारी नोंद लागते. ती नोंद आणि कागद दोन्ही सांभाळावे लागतात. आणि कागद वाचणारा माणूस हवा. संगणकाच्या गोष्टीत या तिन्ही बाबी पुन्हा भेटतील.

कारकून आणि कागद

संगणकाच्या भाषेत बोलायचे तर प्रोग्रॅम म्हणजे कारकून आणि फाइल म्हणजे कागद. लेखनाचा प्रोग्रॅम पत्र लिहून देतो, ते पत्र म्हणजे फाइल. गणिताचा प्रोग्रॅम बेरजा करतो, निकालाचा तक्ता म्हणजे फाइल. कारकून गेला तर दुसरा नेमता येतो; प्रोग्रॅमची दुसरी प्रत मिळू शकते. पण आठवी ‘ब’च्या सहामाही निकालाची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही. दोघांना वेगळे ठेवण्यामागचे मूळ कारण हेच.

आपल्याकडच्या काही शाळांनी हा भेद फार लवकर पाहिला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या संगणक साक्षरता प्रकल्पात देशातल्या सुमारे २५० शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक मिळाले. या यंत्रात ३२ किलोबाइटची कायमची स्मृती होती. निम्म्यात यंत्र चालवणारा प्रोग्रॅम आणि निम्म्यात बेसिक ही भाषा कोरलेली असे. बटण दाबताच बेसिक हजर होई. ते पुसले जाण्याची भीतीच नव्हती. विद्यार्थ्याने लिहिलेले मात्र वीज जाताच नाहीसे होई. ते टिकवायचे तर कॅसेटवर किंवा फ्लॉपीवर उतरवून घ्यावे लागे. म्हणजे कारकून यंत्राच्या पोटात आणि कागद बाहेर. गंमत अशी, की विद्यार्थ्याने बेसिकमध्ये लिहिलेला प्रोग्रॅमसुद्धा बेसिकच्या दृष्टीने एक फाइलच असे. कोण कारकून आणि कोण कागद, हे आपण कुठे उभे आहोत यावर ठरते.

‘ए’ आणि ‘बी’

आता अक्षरांकडे येऊ. गॅरी किल्डॉल या अमेरिकी संशोधकाने १९७४ मध्ये छोट्या संगणकांसाठी ‘सीपी/एम’ नावाची यंत्रणा तयार केली. तिच्यात फ्लॉपी चालवणाऱ्या प्रत्येक खणाला एक अक्षर दिले होते. पहिला ‘ए’, दुसरा ‘बी’. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या ‘डॉस’ने ही अक्षरांची पद्धत तशीच उचलली.

त्या पहिल्या यंत्राच्या फ्लॉपीवर १६० किलोबाइट, म्हणजे १,६३,८४० अक्षरे मावत. एका पानावर ६० अक्षरांच्या ३० ओळी धरल्या तर एक पान १,८०० अक्षरांचे होते. भागाकार करून पाहा : सुमारे ९० पाने. त्या फ्लॉपीवर फायलींची नावे जास्तीत जास्त ६४ नोंदवता येत. पेटीत पेटी, कप्प्यात कप्पा असा प्रकार नव्हता. सगळी नावे एकाच यादीत.

दोन खणांच्या संगणकावर काम करण्याची रीत यातूनच पडली. ‘ए’मध्ये डॉस आणि वर्डस्टारसारख्या प्रोग्रॅमची फ्लॉपी, ‘बी’मध्ये आपल्या मजकुराची. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असे. तिच्यावर छोटी चिकटपट्टी लावली की त्या फ्लॉपीवर काही लिहिता किंवा पुसता येत नसे. जाणते लोक ‘ए’मधल्या प्रोग्रॅमच्या फ्लॉपीला पट्टी लावून ठेवत आणि ‘बी’मधली मोकळी ठेवत. ही वाटणी शिस्तीपोटी झालेली नव्हती. दोन्ही एका फ्लॉपीवर मावतच नसत, म्हणून झालेली होती. पण तिचा फायदा मोठा होता. काम संपले की आपला सगळा मजकूर खिशात घालून घरी नेता येई, आणि प्रोग्रॅमच्या फ्लॉपीला काही झाले तरी मजकुराला धक्का लागत नसे.

ज्याच्याकडे एकच खण होता त्याचे काय? डॉसने इथे एक युक्ती केली होती. त्या एकाच खणाला ते ‘ए’ही म्हणे आणि ‘बी’ही. ‘बी’कडे जा अशी आज्ञा दिली, की आता ‘बी’ची फ्लॉपी घाला अशी सूचना येई. म्हणजे ‘बी’ ही प्रत्यक्ष वस्तू नसून नुसते नाव होते. पण त्या नावाची जागा राखीव होती. म्हणून तिसऱ्या प्रकारचे साधन आले तेव्हा त्याच्या वाट्याला ‘सी’ आला. पुढे फ्लॉपी नाहीशी झाली, तिचे खण गेले, पण ‘सी’ आपल्या जागेवरून हलला नाही. विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे. वाड्याचे पुढचे दोन चौक पडले तरी घरमालक आपल्या चौकाला ‘तिसरा चौक’च म्हणतो, तसे.

‘सी’ : एक मोठी खोली

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने ‘एक्सटी’ हा संगणक आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. तोपर्यंत फ्लॉपीची क्षमता ३६० किलोबाइट झाली होती. म्हणजे ही एक डिस्क सुमारे २८ फ्लॉपींएवढी. प्रोग्रॅम आणि फायली आता एकाच ठिकाणी आल्या आणि लगेच नवी अडचण उभी राहिली. एवढ्या फायलींची एकच सपाट यादी केली तर हवी ती सापडणार कशी?

त्यावर उपाय ‘युनिक्स’ या यंत्रणेत आधीपासून होता. एका कप्प्यात दुसरा, त्याच्यात तिसरा, अशी उलट्या झाडासारखी रचना. डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने ती १९८३ मध्ये घेतली. युनिक्समध्ये कप्प्यांची नावे वेगळी करण्यासाठी सरळ तिरकी रेघ वापरत. डॉसमध्ये ती रेघ आधीच दुसऱ्या कामासाठी गुंतली होती, म्हणून उलटी तिरकी रेघ घेतली गेली. विंडोजमध्ये फाइलचा पत्ता लिहिताना आजही ती दिसते.

याच वेळी ‘पाथ’ ही छोटी पण महत्त्वाची आज्ञा आली. प्रोग्रॅम कोणकोणत्या कप्प्यांत शोधायचे, हे तिने एकदा सांगून ठेवता येई. मग आपण आपल्या फायलींच्या कप्प्यात बसून दुसऱ्या कप्प्यातल्या प्रोग्रॅमला हाक मारू शकत असू. कागद आपल्या टेबलावर आणि कारकून शेजारच्या खोलीत, हाक मारली की हजर. एकाच डिस्कवर असूनही दोघे वेगळे राहू शकतात, हे इथे प्रथम सोयीने जमले.

फायलींची नावे मात्र तोकडीच होती. आठ अक्षरे, एक टिंब आणि प्रकार सांगणारी तीन अक्षरे. तीही रोमन. ‘आठवी इतिहास सहामाही’ हे नाव आठ रोमन अक्षरांत कोंबताना जे काही तयार होई, ते सहा महिन्यांनी स्वतः लिहिणाऱ्यालाही ओळखू येत नसे. लांब नावे देण्याची सोय विंडोज ९५ मध्ये आली.

‘डी’ : गणितातून निघालेली भिंत

‘डी’ कुठून आला? पुष्कळांना वाटते, की टापटिपीसाठी कोणीतरी डिस्कचे दोन भाग केले. खरे कारण गणिताचे आहे, आणि ते फळ्यावर सोडवून दाखवण्यासारखे आहे.

डिस्कवरची जागा ५१२ बाइटच्या तुकड्यांत मोजतात. त्या वेळचे डॉस या तुकड्यांचे क्रमांक १६ द्विमान अंकांत लिहीत असे. १६ अंकांत ० पासून ६५,५३५ पर्यंतचे, म्हणजे एकूण ६५,५३६ क्रमांक लिहिता येतात. ६५,५३६ गुणिले ५१२ म्हणजे ३,३५,५४,४३२ बाइट, म्हणजे बरोबर ३२ मेगाबाइट. डिस्क याहून मोठी असली, तर पुढच्या जागेला देण्यासाठी डॉसकडे क्रमांकच उरत नसे.

डिस्क तर मोठ्या होत चालल्या होत्या. ४० मेगाबाइटची डिस्क घेतली तर ८ मेगाबाइट वाया. १९८७ मध्ये डॉसच्या ३.३ या आवृत्तीने त्यावर तोडगा काढला. एकाच डिस्कचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाला वेगळे अक्षर द्यायचे. अशा रीतीने एकाच धातूच्या डबीत ‘सी’ आणि ‘डी’ शेजारी शेजारी आले. ३२ मेगाबाइटची ही मर्यादा पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत उठली.

तरी भिंत गेली नाही, कारण आता दुसरे गणित आडवे आले. डॉस फाइलला जागा देताना ती ठरावीक मापाच्या घरांत देई, आणि घरांची संख्या पुन्हा सुमारे ६५,५०० च्या पुढे जाऊ शकत नसे. डिस्कचा भाग जितका मोठा, तितके प्रत्येक घर मोठे. २ गिगाबाइटच्या भागात एक घर ३२ किलोबाइटचे होई. त्यात एक किलोबाइटचे पत्र ठेवले तरी सगळे घर त्या पत्राच्या नावावर. अशी हजार पत्रे ठेवली तर एक मेगाबाइट मजकुरासाठी जवळजवळ ३२ मेगाबाइट जागा अडे. डिस्कचे चार भाग केले तर घर ८ किलोबाइटचे होई आणि तीच पत्रे ८ मेगाबाइटमध्ये मावत. १९९६ मध्ये ‘फॅट ३२’ ही नवी पद्धत आली, तेव्हा हे कारणही बरेचसे संपले.

म्हणजे ‘डी’चा जन्म मर्यादेतून झाला. मर्यादा गेल्यावरही तो टिकला, कारण तोपर्यंत लोकांना त्याचा वेगळाच उपयोग सापडला होता.

घरच्या संगणकावरचा नियम

१९९० नंतरच्या दशकात पुण्यात घरगुती संगणक झपाट्याने वाढले. त्यांतले बरेचसे सुटे भाग आणून जोडलेले असत. असा संगणक वर्ष-दीड वर्ष चालला की मंद होई किंवा विंडोज सुरूच होईनासे होई. दुरुस्त करणारा येई आणि ‘सी’ कोरा करून विंडोज नव्याने घाले. ‘सी’वर जे असेल ते गेले, ‘डी’ला हात लागला नाही. दोन-तीनदा असे झाले, की घरातल्या सगळ्यांना धडा मिळे : जे आपले, ते ‘डी’वर.

हा नियम चांगला होता, पण त्यात तीन खाचा होत्या. आजही आहेत.

पहिली खाच. लोक फायली ‘डी’वर ठेवतो म्हणत, पण घाईत पडद्याच्या दर्शनी भागावर, म्हणजे ‘डेस्कटॉप’वर टाकत. तो भाग दिसायला सगळ्यांच्या बाहेर, पण खरा ‘सी’च्या पोटात असतो. ‘माय डॉक्युमेंट्स’ हा कप्पाही, मुद्दाम हलवला नाही तर, ‘सी’वरच असतो. डिस्क कोरी करताना ही दोन्ही गाठोडी जात.

दुसरी खाच. काहींनी जागा वाचवण्यासाठी प्रोग्रॅमही ‘डी’वर बसवले आणि समजले, की तेही वाचतील. डॉसच्या काळात हे पुष्कळदा खरे होते. प्रोग्रॅमचा कप्पा उचलून दुसरीकडे ठेवला तरी तो चाले. विंडोज ९५ पासून मात्र प्रोग्रॅम बसताना आपली माहिती ‘रजिस्ट्री’ नावाच्या एका मोठ्या नोंदवहीत लिहू लागले. ही वही असते ‘सी’वर. ‘सी’ कोरा झाला की वही जाते. मग ‘डी’वरचा प्रोग्रॅम जागच्या जागी असूनही विंडोजला त्याची ओळख पटत नाही. कारकून हजर, पण हजेरीपटावर नाव नाही. तो पुन्हा बसवावाच लागतो. म्हणून ‘डी’वर प्रोग्रॅम बसवल्याने जागा वाचते, प्रोग्रॅम वाचतोच असे नाही. त्यापेक्षा प्रोग्रॅम बसवण्याची मूळ सामग्री जपून ठेवावी.

तिसरी खाच अक्षरांची. कोणी जुन्या संगणकात दुसरी हार्ड डिस्क बसवली, की डॉस आणि विंडोज ९५ आधी प्रत्येक डिस्कच्या पहिल्या मुख्य भागाला अक्षर देत, मग उरलेल्या भागांना. त्यामुळे नव्या डिस्कवर असा मुख्य भाग असला, तर तिला ‘डी’ मिळे आणि जुना ‘डी’ एका रात्रीत ‘ई’ होई. फायली कुठेही गेलेल्या नसत, पण ‘डी’चा पत्ता लक्षात ठेवलेले प्रोग्रॅम त्या शोधत फिरत. अक्षर म्हणजे घर नव्हे, दारावरची पाटी. ती बदलू शकते.

पाटी पुसली गेली तर

याहून गंभीर गोष्ट विषाणूंची. संगणक सुरू होताना आधी ‘ए’मध्ये फ्लॉपी आहे का हे पाही. फ्लॉपी विसरून आत राहिली असेल, तर तिच्या पहिल्या तुकड्यातल्या सूचना वाचून तो कामाला लागे. या सवयीचा फायदा घेणारे विषाणू १९८६ पासून पसरू लागले. त्यांतला पहिला प्रसिद्ध ‘ब्रेन’, लाहोरमध्ये लिहिलेला. फ्लॉपींची देवाणघेवाण हीच त्यांची वाट. या विषाणूंशी झुंजण्याचा उद्योग पुण्यातही उभा राहिला. १९९० नंतरच्या दशकात कैलाश आणि संजय काटकर या बंधूंनी ‘क्विक हील’ हा प्रोग्रॅम इथेच तयार केला. दुरुस्तीच्या दुकानातून सुरू झालेले हे काम पुढे मोठ्या कंपनीत वाढले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा विषाणू ‘सीआयएच’. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने तो १९९८ मध्ये लिहिला. २६ एप्रिल १९९९ रोजी आशियातल्या असंख्य संगणकांवर तो एकदम जागा झाला. डिस्कच्या अगदी सुरुवातीचा सुमारे एक मेगाबाइट भाग तो पुसून टाके. डिस्कच्या पहिल्याच तुकड्यात तिचे भाग कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, ही नोंद असे. चार ओळी, प्रत्येकी १६ बाइट, एकूण ६४ बाइट. एवढी नोंद गेली, की ‘सी’ही नाही आणि ‘डी’ही नाही. ‘डी’वरचा मजकूर बहुधा जागच्या जागी असे, आणि जाणकाराला तो परतही मिळवता येई. पण ज्यांच्याजवळ असा जाणकार नव्हता, त्यांच्या लेखी तो गेलाच.

इथे मूळ मुद्दा कळतो. एकाच डिस्कवरचे ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे दोन कपाटे नव्हेत, एका कपाटाचे दोन कप्पे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या पाण्याने वरचा कप्पा आणि खालचा कप्पा असा फरक केला नाही. डिस्क बिघडली, संगणक चोरीला गेला, तर तेच होते.

पेशवाईतल्या कारभाऱ्यांना हे ठाऊक होते असे दिसते. इनामाची सनद निघाली, की एकट्या इनामदाराला पत्र देऊन काम संपत नसे. गावच्या मोकदमाला, देशमुख-देशपांड्यांना, कामावरच्या अधिकाऱ्यांना वेगळी पत्रे जात. त्यांनी नक्कल ठेवून घ्यावी आणि मूळ पत्र इनामदाराला परत द्यावे, अशी रीत होती. एका ठिकाणचा कागद जळला तरी दुसऱ्या गावी त्याची साक्ष उरे. संगणकाचे आजचे जाणकार सांगतात तो नियमही हाच आहे : तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या वास्तूत.

कागद आहे, वाचणारा नाही

समजा, हे सगळे केले. १९९६ सालच्या शाळेच्या स्मरणिकेची फाइल फ्लॉपीवरून ‘डी’वर, तिथून सीडीवर आणि सीडीवरून आजच्या डिस्कवर आली. एकही बाइट हरवला नाही. आज ती उघडली तर काय दिसेल? बहुतेक वेळा मराठीऐवजी रोमन अक्षरे, टिंबे आणि उलटसुलट चिन्हे यांचा कालवा.

याचे कारण असे. संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. भारतीय लिप्यांसाठी क्रमांकांचे प्रमाण ठरवण्याचे काम लवकर सुरू झाले होते. ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘जिस्ट’ तंत्राच्या द्वारे ते अनेक ठिकाणी पोचवले. पण छपाईच्या आणि घरगुती कामात वेगळाच मार्ग रूढ झाला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपी’ आणि तशी इतर पॅकेजे घरोघर, छापखान्यांतून वापरात आली. मराठी अक्षरे पडद्यावर आणि कागदावर सुबक उमटवण्याचे मोठे काम त्यांनी केले. त्यासाठी अक्षरांच्या आकृत्यांना, म्हणजे काना, वेलांटी, अर्धे अक्षर यांना, रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवले जाई. कोणती आकृती कोणत्या जागी, हे प्रत्येक पॅकेज आपापले ठरवी. त्यामुळे फाइल ‘डी’वर असे, पण तिचा अर्थ ‘सी’वरच्या फॉन्टमध्ये असे. ‘सी’ कोरा झाला, संगणक बदलला, पॅकेज नव्या विंडोजवर चालेनासे झाले, की कागद उरला आणि वाचणारा गेला.

पुण्याला हा अनुभव नवा नाही. पेशवे दफ्तर मोडीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या शाळांतून मोडी शिकवली जात होती. पुढे ती बंद झाली आणि तीच कागदपत्रे बहुसंख्य मराठी माणसांना अवाचनीय झाली. कागदाला वाळवी लागलेली नव्हती, शाई उडालेली नव्हती. फक्त वाचण्याची विद्या दुसऱ्या कप्प्यात होती आणि तो कप्पा रिकामा झाला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद देवनागरीत ४५ खंडांत प्रसिद्ध केले. एका अर्थाने ते जुन्या फायलींचे नव्या लिपीत केलेले रूपांतर होते. मोडी न येणारा विद्यार्थी आज तो इतिहास वाचू शकतो, तो त्या खंडांमुळे.

संगणकावरच्या मराठीसाठी अशी सर्वमान्य लिपी आता आहे. ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्येच, देवनागरीला जागा मिळाली होती. विंडोज २००० पासून ती घरच्या आणि कचेरीतल्या संगणकांवर सहज वापरता येऊ लागली. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५. पुण्यात, नागपुरात किंवा न्यूयॉर्कमध्ये तो बदलत नाही. या क्रमांकांत लिहिलेली फाइल कोणा एका कारकुनावर अवलंबून नसते.

शाळेत काय करता येईल

आजकाल पुष्कळ संगणकांत खरोखरच दोन वेगळ्या डिस्क असतात. लहान पण वेगवान ‘सी’ आणि मोठी, सावकाश ‘डी’. प्रोग्रॅम वेगवान डिस्कवर आणि फायली मोठ्या डिस्कवर, हा जुना नियम तिथे चांगला शोभतो. त्याला आता पुढच्या गोष्टी जोडू या.

विद्यार्थ्यांचे गट करून शाळेच्या संगणकावरच्या फायलींची यादी करायला सांगा. प्रत्येक फाइलपुढे तीन रकाने : ती कुठे आहे, तिची दुसरी प्रत कुठे आहे, आणि ती वाचायला कोणता प्रोग्रॅम किंवा फॉन्ट लागतो. दुसरा रकाना रिकामा राहिला तर त्याच आठवड्यात प्रत करून शाळेबाहेर ठेवावी. तिसऱ्या रकान्यात जुन्या फॉन्टचे नाव आले तर ती फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित करावी. त्यासाठी रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात. म्हणून मुलांनी जोडीने बसून मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे. शुद्धलेखनाचा याहून चांगला तास आम्हाला सुचत नाही. मूळ फाइल मात्र पुसू नये.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत, कारण ती लिपी शेकडो वर्षे लाखो लोक लिहीत होते. एखाद्या पॅकेजच्या जुन्या आवृत्तीतले आकृत्यांचे कोष्टक मात्र मोजक्या लोकांच्या संगणकांवर आहे, आणि ते संगणक दरवर्षी भंगारात जात आहेत. स्मरणिकेत नववीतल्या मुलीने लिहिलेली कविता त्या कोष्टकाच्या आधारावर उभी आहे. ते कोष्टक चालू असेपर्यंत ती आजच्या लिपीत उतरवून घेतली, तर आणखी तीस वर्षांनी तिची मुलगीही ती वाचू शकेल.